उजवा रकाना

प्रार्थनेची वही मी लग्नाच्या आधीपासून ठेवते. पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डाव्या बाजूला तारीख आणि विनंती, उजव्या बाजूला उत्तर मिळालं की त्याची तारीख. माझ्या आईची ही पद्धत, तिच्याकडून माझ्याकडे आली. परीक्षा, नोकरी, बाळंतपण, सासूबाईंचं ऑपरेशन... कित्येक ओळींसमोर तारखा पडल्या होत्या. चर्चच्या उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली की मी ही वही चाळायचे आणि उभी राहायचे. देव उत्तर देतो हे सांगायला मला कधीच अडखळावं लागलं नव्हतं.

मग एका पानावर मी लिहिलं, ‘ह्यांच्या किडन्या बऱ्या होऊ देत.’ त्या ओळीसमोर चार वर्षं उत्तराची तारीख पडणार नाही, आणि तरी मी विश्वासात राहीन, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा अशक्य वाटली असती.

ह्यांना बरीच वर्षं मधुमेह आणि रक्तदाब होता. पाय सुजायला लागले, भूक गेली, किडन्या थकल्या की रक्तात साचणारं क्रिएटिनिन वाढत गेलं. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं तेव्हा मला वाटलं, काही आठवड्यांचा उपचार असेल. माझी किडनी द्यायचा विचार झाला, पण तपासणीत माझीच साखर वाढलेली निघाली आणि तो रस्ता बंद झाला. दुसरा कुणी दाता मिळाला नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. रक्त नळीतून बाहेर जाणार, यंत्रातून गाळून परत येणार. याने किडनी बरी होत नाही. तिने रोज करायचं काम यंत्र आठवड्यातून तीनदा करतं, आणि माणूस पुढच्या वेळेपर्यंत टिकतो. बस, इतकंच.

पहिले सहा महिने चर्चच्या मंडळीने आम्हाला अक्षरशः उचलून धरलं. उपास-प्रार्थना झाल्या, घरी प्रार्थनासभा झाल्या. मीही जोरात होते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हणताना माझा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. रिपोर्ट यायचे, ते तसेच असायचे, मी पुन्हा वही उघडायचे आणि तीच विनंती नव्या तारखेने लिहायचे. पण शनिवारच्या डायलिसिसनंतर ह्यांच्यात काही त्राण उरायचं नाही, त्यामुळे रविवारची उपासना चुकायला लागली. आधी एखादी, मग लागोपाठ. येणारे कमी झाले. त्यात त्यांचा दोष नाही. संकट लांबलं की लोकांकडे शब्द उरत नाहीत.

ज्यांच्याकडे शब्द उरले होते त्यांचाच त्रास झाला. एक बंधू घरी आले. बाहेरगावी सभा घेणारे, नाव सांगत नाही. त्यांनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडला. विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, असं तिथे लिहिलं आहे. त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना मला दारात म्हणाले, “ताई, घरात कुठेतरी अविश्वास आहे. यंत्रावर भरवसा आहे तोवर प्रभूला जागा कशी मिळणार?”

डायलिसिस थांबवलं तर काय होतं ते मला माहीत होतं. दोन वेळा चुकल्या तर अंगात पाणी साचून श्वास लागतो, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. थांबवायचा विचार मी क्षणभरही केला नाही. पण ‘घरात कुठेतरी अविश्वास आहे’ हे वाक्य माझ्या आत राहिलं. रात्री मी स्वतःला तपासत बसायचे. कुणाला क्षमा करायची राहिली का? चर्चला द्यायचा कमाईचा दशांश चुकला का? ह्यांनी तरुणपणी काही केलं होतं का? नवऱ्याच्या उशाशी बसून त्याची जुनी पापं शोधायची, इथवर मी गेले होते.

हे सगळं ह्यांना कळलं तेव्हा हे रागावले नाहीत. म्हणाले, “अगं, तोच अध्याय जरा वरपासून वाच.” मी वाचला. दुखणाइताच्या त्या वचनाच्या चार वचनं आधी, अकराव्या वचनात, जुन्या करारातल्या ईयोबाच्या धीराची आठवण आहे. एकाच पत्रात, एकाच पानावर. बरं होण्याचं वचन आणि बरं न होता टिकून राहिलेल्या माणसाचं नाव अगदी शेजारी, आणि मी इतकी वर्षं त्यातलं एकच वाचत आले होते.

त्या निमित्ताने मी ईयोबाचं पुस्तक पहिल्यांदा सलग वाचलं, बेचाळीसही अध्याय. तोवर मला त्याचे दोनच तुकडे ठाऊक होते. सुरुवातीचं ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ आणि शेवटी दुपटीने परत मिळालेली संपत्ती. मधल्या पस्तीस-चाळीस अध्यायांत हा माणूस देवाशी किती भांडतो! जन्माचा दिवस शापतो, न्याय मागतो, मला एकटं सोड म्हणतो. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, तोवर सगळं ठीक असतं. तोंड उघडतात आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणायला लागतात. आणि शेवटी देव मित्रांना सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. मी हे वचन पुन्हा पुन्हा वाचलं. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाच्या तोंडावर तक्रार करणारा बरोबर ठरला.

तरीही मला प्रार्थना येईना. वाचलेलं डोक्यात उतरलं होतं, तोंडातून काही निघत नव्हतं. डोळे मिटले की आत नुसती भिंत. साधारण आठव्या महिन्यात मी वहीत लिहिणं बंद केलं. वही मात्र पिशवीत तशीच राहिली, फाइल, पाण्याची बाटली आणि शालीबरोबर.

एका मंगळवारी ह्यांचं वजन नोंदवायचं होतं. डायलिसिसच्या आधी आणि नंतर वजन घेतात, म्हणजे अंगात किती पाणी साचलं होतं आणि किती काढलं हे कळतं. नोंदीचं कार्ड घरी राहिलं होतं. ह्यांनी माझ्या पिशवीतून वही काढली, किडनीच्या विनंतीचं पान उघडलं आणि उजव्या कोऱ्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं : ६४.२ – ६१.६.

मी चिडले. चारचौघांत, आजूबाजूला यंत्रांचे आवाज चालू असताना म्हणाले, “अहो, ती प्रार्थनेची वही आहे!”

“मग?” हे म्हणाले. “जागा रिकामीच होती ना.”

त्यानंतर हे दर वेळी तिथेच लिहायला लागले. कार्डावर लिहायचे ते वेगळं, पण वहीतही लिहायचे. मी बोलणं सोडून दिलं.

त्याच सुमारास ह्यांनी मला एक काम लावलं. चार तास मी नुसती बसून असायचे. हे म्हणाले, “दर वेळी एक स्तोत्र वाच. ओळीने, पहिल्यापासून. आवडीचं निवडायचं नाही.” स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. आठवड्याला तीन, म्हणजे एक फेरी पन्नास आठवड्यांची. एकशे एकोणिसावं स्तोत्र एकटंच १७६ वचनांचं, ते आम्ही तुकडे पाडून वाचायचो. मध्ये दवाखान्यात भरती झाले की खंड पडायचा. पहिली फेरी पुरी व्हायला वर्षाहून थोडं अधिक लागलं.

मी हो म्हटलं ते एवढ्याचसाठी, की प्रार्थना करण्यापेक्षा वाचणं सोपं होतं. शब्द माझे नव्हते. मला काही वाटतंय की नाही याचा हिशोब द्यायचा नव्हता. सुई लागायची, यंत्र सुरू व्हायचं, मी हलक्या आवाजात वाचायला लागायचे.

ओळीने वाचलं म्हणूनच मला काही स्तोत्रं भेटली. तोवर मी तेविसावं, एकशे एकविसावं, एकशे तिसरं एवढ्यांतच फिरत असे. तेरावं आलं. त्याची सुरुवातच ‘किती काळ?’ अशी आहे, आणि पहिल्या दोन वचनांत हाच प्रश्न चार वेळा येतो. बेचाळिसावं आलं, पाण्याच्या ओढ्यासाठी आसुसलेल्या हरिणीचं. लहानपणापासून ते गाते, पण या वेळी मी अर्ध्यावर थांबले, कारण ह्यांना दिवसभराचं पाणी मोजून असायचं. औषधाच्या गोळ्यांचं पाणीसुद्धा त्यातच धरायचं. ओठ सुकले की हे बर्फाचा छोटा तुकडा जिभेवर धरून बसायचे. मी थांबलेली पाहून हे म्हणाले, “वाच ना. हे मला आता समजतं. तहान काय असते हे मला आधी माहीतच नव्हतं.”

आणि अठ्ठ्याऐंशीवं आलं. दुःखाची स्तोत्रं पुष्कळ आहेत. ढोबळ मोजलं तर एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रं गाऱ्हाण्याचीच निघतील. पण बहुतेकांत शेवटी कुठेतरी वळण येतं, तरी मी तुझी स्तुती करीन असं काहीतरी. अठ्ठ्याऐंशीव्यात ते नाही. माणूस रात्रंदिवस हाक मारतो, तू माझ्यापासून तोंड का लपवतोस विचारतो, माझे मित्र तूच दूर केलेस म्हणतो, आणि अंधारात स्तोत्र संपतं. मी पान उलटून पाहिलं, आणखी काही आहे का म्हणून. पुढे एकोणनव्वदावं सुरू होत होतं.

त्या दिवशी मी त्या खुर्चीत बसून खूप रडले. आत एक गाठ होती ती सुटल्यासारखं झालं. ज्याला देवाकडून काहीच उत्तर मिळालं नाही त्याची प्रार्थनाही पवित्र शास्त्रात ठेवली आहे, कुणी ती गाळली नाही, तिला गोड शेवट जोडला नाही. म्हणजे माझ्या कोऱ्या रकान्याची जागा शास्त्राच्या बाहेर नव्हती. त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी मी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केली. ती अशी होती : “मला तुझा राग आलाय.” पुढे काही सुचलं नाही. पण मी ‘देव असं का करतो’ असं बहिणीला नाही विचारलं, त्यालाच म्हटलं. आज मागे वळून पाहते तेव्हा मला वाटतं, माझा विश्वास तिथे वाचला.

आमच्या पाळकसाहेबांना मी हे सांगितलं. वाटलं, समजावतील. ते म्हणाले, “चांगली प्रार्थना आहे. रोज करा.” मग त्यांनी मला नव्या करारातला ‘धीर’ हा शब्द उकलून सांगितला. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा अशी जी पायरी आहे, तिथे मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ आहे. हुपो म्हणजे खाली, मोने म्हणजे राहणं. ओझ्याखाली राहणं, तिथून पळून न जाणं. मी समजत होते धीर म्हणजे न रडणं.

आणखी एक त्यांनी दाखवलं, तेही माझ्या कामी आलं. पौलाने त्याला छळणारा ‘शरीरातला काटा’ निघावा म्हणून तीनदा विनंती केली. येशूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तीनदा, तेच शब्द बोलून, दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. दोघांचीही मागणी होती तशी पुरी झाली नाही. पौलाला ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच मिळालं. विश्वास कमी होता म्हणून, असं या दोघांबद्दल कोण म्हणणार?

दुसऱ्या वर्षी हे बरेच दिवस भरती होते. फिस्टुला बंद पडला होता. हातातली धमनी आणि शीर जोडून ती वाट करतात, सुया तिथेच टोचतात. ती चालू असली की त्वचेखाली एक बारीक थरथर लागते. ह्यांच्या मनगटाच्या वर बोटं ठेवून ती थरथर तपासणं हे माझं रोज सकाळचं पहिलं काम झालं होतं. त्या सकाळी बोटांना काहीच लागलं नाही. धावपळ, पुन्हा ऑपरेशन, गळ्यातून नळी. त्या दिवसांत मी ना वाचलं, ना प्रार्थना केली, ना शब्दांचा विचार केला. मंडळीतल्या चार बहिणींनी आपसांत वाटून घेतलं. दुपारी एक, रात्री एक अशा येऊन बसायच्या. एकीने मला स्पष्ट सांगितलं, “तू आता प्रार्थना करू नकोस. आम्ही करतोय. तू झोप.”

पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उघडून खाली सोडलं, ती मार्काच्या शुभवर्तमानातली गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना कितीतरी वेळा शिकवली असेल. तिथे लिहिलंय, येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’ त्याला क्षमा केली. त्यांचा. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता ते कुणी विचारलंच नाही. मी त्या आठवड्यात खाटेवर होते. टिकून राहण्याबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी आधी या चौघींबद्दल सांगते, कारण माझ्या टिकण्यातला मोठा भाग मी केलेलाच नाही.

ह्याच काळात मी पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं. दुष्काळात आई-वडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा त्या पंचविशीच्याही नव्हत्या. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त सापडायला त्यानंतर काही वर्षं जावी लागली. अखेरच्या काळात त्या मूळ भाषांवरून मराठी बायबलचं भाषांतर करत होत्या. १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यांनी काम सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, भाषांतर हातावेगळं करून. मुलगी गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांबद्दल मी फार विचार करते. कोणत्या पानावर होत्या त्या? आदल्या दिवशी जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे सुरू केलं असेल का?

तिसरी फेरी संपेपर्यंत वॉर्डातले आसपासचे लोक ऐकायला लागले होते. पलीकडच्या पलंगावरचे एक आजोबा, आमच्या धर्माचे नाहीत, मी उशिरा पोचले तर विचारायचे, “आज कितवं?” एका शनिवारी त्यांचा पलंग दुसऱ्याला दिलेला होता. आम्ही काही विचारलं नाही. त्या दिवशी मी थोडं मोठ्याने वाचलं.

चौथ्या फेरीत, एका गुरुवारी, मी बावन्नावं वाचलं. त्यात आमच्यासाठी म्हणावं असं काही विशेष नाही, दुष्टाईची बढाई मारणाऱ्या माणसावरचं स्तोत्र आहे ते. शेवटाकडे देवाच्या घरातल्या हिरव्यागार जैतुनाच्या झाडाची एक ओळ आहे, ती ऐकून हे “छान” म्हणाले. वजन लिहिलं. शुक्रवारी रात्री झोपेतच हे गेले. पहाटे सवयीने मी मनगटाच्या वर बोटं ठेवली तेव्हा कळलं.

अंत्यविधीत मी शांत होते. लोक म्हणाले, बाईंचा विश्वास बघा. खरं तर मला काहीच जाणवत नव्हतं. नंतरचे आठवडे फार वाईट गेले. चार वर्षं आठवड्याला आकार देणारे तीन वार अचानक मोकळे पडले. आजारपणात टिकण्यासाठी मी जे काही शिकले होते ते सगळं त्या खोलीशी, त्या खुर्चीशी बांधलेलं होतं. ते आता चालेना. एकदा पार केलं म्हणजे विश्वास पक्का झाला असं नसतं, हे मला तेव्हा समजलं. पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं.

बायबलमध्ये बावन्नाव्या स्तोत्राशी खूण तशीच होती. मी उघडत नव्हते, कारण पुढचं कोणतं आहे ते मला माहीत होतं. त्रेपन्नावं : ‘मूढ आपल्या मनात म्हणतो की देव नाही.’ मला ते वाचायची भीती वाटत होती. रात्री दोन-तीन वाजता जाग आली की माझं मन नेमकं तेच म्हणत होतं, आणि मला मूढ म्हणवून घ्यायचं नव्हतं.

सातव्या आठवड्यात एका मंगळवारी, आम्ही दवाखान्यात पोचायचो त्या वेळेला, मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि ते मोठ्याने वाचलं. अवघी सहा वचनं. वाचताना लक्षात आलं की हे चौदाव्या स्तोत्रासारखंच आहे, जवळजवळ शब्दाला शब्द. दोनदा का ठेवलं असेल? विद्वान त्याची कारणं सांगतात. मला त्या दिवशी एवढंच वाटलं की हा विचार माणसाच्या मनात एकदाच येऊन जात नाही, हे त्यांनाही ठाऊक असावं. मग मी मार्काच्या नवव्या अध्यायातल्या, आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेल्या त्या बापाचे शब्द उसने घेतले : माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. तो मुलासाठी बोलला होता. मी कुणासाठी मागायचं ते मला कळेना, तरी तेवढं म्हटलं.

गुरुवारी चौपन्नावं वाचलं. शनिवारी राहून गेलं. पुढच्या मंगळवारी पंचावन्नावं.

वही आता टेबलावरच असते. त्या विनंतीच्या पानापासून पुढची कितीतरी पानं उजवीकडे ह्यांच्या पेन्सिलीच्या आकड्यांनी भरली आहेत. ६३.८ – ६१.५. ६४.० – ६१.७. शेवटी शेवटी अक्षर थोडं हलतं. डावीकडे बहुतेक सगळं कोरं आहे, कारण त्या काळात मी काही मागितलंच नव्हतं. परवा मी त्यातल्या एका ओळीसमोर, डाव्या बाजूला, पेनाने माझ्या अक्षरात लिहिलं : ‘आजचा दिवस.’ मग खालच्या ओळीसमोर तेच. रोज थोड्या ओळी लिहिते. अजून बरीच पानं आहेत.